विमान रात्री, सिम दुपारी

पितृपक्षात आमच्या धंद्यात शुकशुकाट असतो. नवा फोन घ्यायला कोणी फिरकत नाही. स्क्रीनगार्ड, चार्जर आणि रिचार्ज यांवर पंधरा दिवस ढकलायचे. कोथरूडला डहाणूकर कॉलनीत माझं मोबाइलचं दुकान आहे. चौदा वर्षं हेच बघतोय. २०२५ च्या सप्टेंबरातली तेरा तारीख होती, गणपती जाऊन आठवडा झाला होता. त्यामुळे अकराच्या सुमाराला एक गृहस्थ मुलीला घेऊन घाईघाईत आत शिरले तेव्हा मी जरा जास्तच उत्साहात उठलो.

"दादा, हिचं रात्री एकचं विमान आहे, मुंबईहून. जर्मनीला चाललीय एमएसला. तिकडचा सगळ्यात चांगला प्लॅन कुठला ते सांगा."

मुलगी केम्नित्झला चालली होती. सप्टेंबरात आमच्याकडे अशी पोरं येतातच, कारण तिकडचं सत्र ऑक्टोबरात सुरू होतं. केम्नित्झ, माग्डेबुर्ग, आखन ही नावं आता मला सांगली-साताऱ्यासारखी पाठ झाली आहेत. तिच्या हातात नवा कोरा आयफोन होता. आईने पितृपक्ष लागायच्या आत घ्यायला लावलेला, पण खोक्यातून काल रात्री काढलेला. परदेशी प्रवेशाचं काम बघणाऱ्या कन्सल्टंटने तिला एक जर्मन सिम फुकट दिलं होतं. चकचकीत पाकीट, वर लिहिलेलं 'फ्री'. बाबांना त्या पाकिटाचा फार आधार वाटत होता.

मी त्यांना समजावलं की ते सिम इथे चालू होणार नाही आणि तिकडे उतरल्या उतरल्याही होणार नाही. जर्मनीत २०१७ च्या जुलैपासून ओळख पटवल्याशिवाय प्रीपेड सिम चालू करत नाहीत. एकतर व्हिडिओ कॉलवर पासपोर्ट दाखवायचा, नाहीतर पोस्टात जायचं. शिवाय पत्ता मागतात, आणि ही तर अजून हॉस्टेलची किल्लीही न घेतलेली. म्हणून पहिल्या दहा दिवसांसाठी इथल्याच नंबरवर रोमिंग पॅक टाका. तीन हजारांच्या आसपास जातात, पण विमानतळावर उतरून आईला फोन करता येतो.

"आणि तो दोन वर्षांचा? माझा मित्र म्हणतो त्यात फोनही मिळतो," मुलगी म्हणाली.

हा प्रश्न आला की मी खुर्ची पुढे ओढतो. तिकडचे करार चोवीस महिन्यांचे असतात. पूर्वी तर वेळेत नोटीस दिली नाही, की आपोआप आणखी वर्षभर वाढायचे. २०२१ च्या डिसेंबरात कायदा बदलला, आता मूळ मुदत संपल्यावर महिन्याच्या नोटिशीवर सोडता येतात. पण पहिले चोवीस महिने चुकत नाहीत. ज्याला सहा महिन्यांनी कुठल्या गावात इंटर्नशिप मिळेल, तिथे कुठल्या कंपनीची रेंज असेल हे माहीत नाही, त्याने सही करूच नये. सुपरमार्केटात मिळणारं प्रीपेड घ्यावं. त्याचा महिना चार आठवड्यांचा, म्हणजे वर्षाचे तेरा. आपल्या अठ्ठावीस दिवसांसारखंच. (ही चलाखी जगभर सारखी आहे याची मला गंमत वाटते.) आणि युरोपियन युनियनच्या देशांत कुठेही फिरली तरी २०१७ पासून रोमिंगचा वेगळा भुर्दंड नाही.

इथवर मी फार शहाणा होतो. मग मुलगी म्हणाली, "पण दादा, ह्यात सिमची खाच एकच आहे. जर्मन कार्ड टाकलं तर माझं कुठे ठेवू?"

"त्यात काय! तुझं ई-सिम करून देतो. म्हणजे कार्डच नको, नंबर फोनमध्येच बसतो. दहा मिनिटांत."

केलंही. जुन्या फोनवरून मेसेज पाठवला, संमतीचा कॉल आला, तिने १ दाबला, माझ्या लॅपटॉपवरचा क्यूआर नव्या फोनने वाचला. जुन्या फोनची रेंज गेली आणि नव्यावर कांड्या उभ्या राहिल्या. सव्वाबारा वाजले होते. जुना फोन धाकट्या भावाला द्यायचा म्हणून तिने काउंटरवरच फॉरमॅट केला. मी तो कापडाने पुसूनही दिला.

पावणेतीनला फोन आला. डबा उघडलेला, पहिला घास हातात. "दादा, ओटीपी येत नाहीये."

आणि माझ्या पोटात खड्डा पडला. सिम बदललं, मग ते डुप्लिकेट असो नाहीतर ई-सिम, की पुढचे चोवीस तास एसएमएस बंद. जाणारेही, येणारेही. सरकारचाच नियम आहे. दुसऱ्याच्या नंबरचं सिम काढून त्याचं खातं साफ करणाऱ्या भामट्यांसाठी केलेला, आणि चांगला नियम आहे. मी रोज गिऱ्हाइकांना ऐकवतो. "उद्या दुपारपर्यंत बँकेचं काही काढू नका," हे वाक्य माझ्या तोंडात बसलंय. त्या दिवशी जर्मनीच्या गप्पांत ते राहिलं.

तिचं परदेशात वापरायचं फॉरेक्स कार्ड भरलेलं होतं, पण पिन करायचा राहिला होता आणि त्याला ओटीपी लागणार होता. बँकेचं अ‍ॅप नव्या फोनवर चढेना, कारण अ‍ॅप आधी फोनमधून स्वतः एसएमएस पाठवून नंबर पडताळतं, आणि तोच बंद. जुन्या फोनवरचं अ‍ॅप फॉरमॅट करताना गेलं. बँकेत जावं, तर दुसरा शनिवार. तिकडचं ब्लॉक केलेलं खातं, ज्यात वर्षाचे ११,९०४ युरो आधीच अडकवलेले, त्यातून महिन्याला ९९२ सुटतात, पण तिकडे गेल्यावर बँक खातं उघडून झालं की. म्हणजे पोरीकडे लाखो रुपये होते आणि ट्रेनच्या तिकिटाला दमडी नव्हती.

मी कंपनीच्या माणसाला फोन केला. ओळखीचा आहे. तो म्हणाला, "अहो, तुम्हाला मी सांगायचं का?" एवढंच.

शटर अर्धं ओढलं आणि त्यांच्या घरी गेलो. हॉलमध्ये दोन बॅगा वजनकाट्यावर चढवून उतरवणं चाललं होतं. आई चिवड्याची पिशवी काढून मेतकुटाची ठेवत होती. मी आधी सांगून टाकलं की चूक माझी आहे. बाबा काही बोलले नाहीत, आणि ते जास्त लागलं. मग दोघांनी मिळून वाट काढली. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट घेऊन बाबा परवानाधारक मनी चेंजरकडे गेले आणि चारशे युरो रोख घेऊन आले. तोवर मी पोरीच्या फोनवर आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू केलं आणि हिशेब मांडला. बंदी उठणार रविवारी सव्वाबाराला. जर्मनीत तेव्हा पावणेनऊ. विमान तिथल्या सकाळी सहा-साडेसहाला उतरणार.

"नऊपर्यंत अ‍ॅपला हात लावू नकोस. तिकडून जाणारा एसएमएस पोचेलच असं नाही. लॅपटॉपवर बँकेची साइट उघड, तिथे नुसता येणारा ओटीपी लागतो. येणाऱ्या मेसेजला तुझ्या कंपनीत रोमिंगला पैसे पडत नाहीत. डेटाही पॅकचाच वापर."

तिने पाठ्यपुस्तकासारखं लिहून घेतलं. रात्री परत येताना मला कळलं की सगळं उलटं करायला हवं होतं. भारतातलं सिम खाचेत जसंच्या तसं राहू द्यायचं आणि जर्मनीचं तिकडे गेल्यावर ई-सिम घ्यायचं. फुकटच्या पाकिटाची सोय बघताना मी चालत्या नंबराला हात घातला होता.

रविवारी दुकान बंद असतं. मी साडेबाराला फोन हातात घेऊनच बसलो होतो. बायको म्हणाली, "तुमचीच मुलगी गेल्यासारखं करताय." बारा सत्तावन्नला फोटो आला. फ्रँकफर्टच्या विमानतळाखालच्या स्टेशनावर गुडघ्यावर लॅपटॉप, त्यावर सहा आकड्यांचा ओटीपी दाखवणारा फोन टेकवलेला. खाली लिहिलं होतं, "आला!!"

ते फुकटचं जर्मन सिम तिने शेवटी वापरलंच नाही. व्हिडिओवरची पडताळणी दोनदा अडली तेव्हा वैतागून दुसरं घेतलं, पोस्टात जाऊन ओळख पटवली.

नोव्हेंबराच्या शेवटी बाबा दुकानात आले. सकाळचे दहा, मी नुकती उदबत्ती लावलेली. मुलीच्या इथल्या नंबरचा चौऱ्याऐंशी दिवसांचा रिचार्ज संपत आला होता. नव्वद दिवस वापर नसला आणि शिल्लक वीस रुपयांच्या खाली गेली, की कंपनी नंबर काढून घेऊ शकते, मग तो दुसऱ्या कोणाला तरी जातो आणि बँकेचे ओटीपीही त्याच्याकडे. म्हणून मी त्यांना वर्षाचा दाखवला. २०२५ च्या जानेवारीपासून डेटाशिवाय नुसते कॉल आणि एसएमएस असे रिचार्ज मिळू लागलेत, परदेशी गेलेल्यांना तेवढंच पुरतं. त्यांनी पैसे दिले, मी बटण दाबलं.

"तिला मेसेज गेला असेल ना आता?" त्यांनी विचारलं. "साडेसहा झाले असतील तिकडे. उठली असेल."

मिनिटभरात त्यांचा व्हॉट्सअ‍ॅप वाजला. त्यांनी चष्मा कपाळावर सारून वाचलं आणि फोन माझ्याकडे वळवला.

"बाबा, रिचार्जचा मेसेज आला. साडेपाच वाजलेत हो! ऑक्टोबरातच घड्याळं मागे गेली."