चिमट्यातले कुलूप

सायकलीची बहुतेक कुलपे चाक अडवतात. हे कुलूप हँडल अडवते, आणि तेही बाहेर कुठे लोंबत न राहता सायकलीच्या अंगातच दडून. नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीच्या सुपर्बसारख्या भारी मॉडेलला ते कारखान्यातूनच बसवून येई. पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याच्या डोक्यात किल्लीचे लहानसे तोंड दिसते. हँडल ठरावीक जागी आणून किल्ली फिरवली की आतली खिट्टी सरकते आणि फ्रेमच्या पुढच्या नळीत खालून बसवलेल्या छर्र्यांच्या वाटीला पाडलेल्या खाचेत शिरते. गंमत म्हणजे किल्लीचा क्रमांक कुलपाच्या तोंडावरच ठोकलेला असतो, म्हणजे मालकाइतकीच सोय चोराचीही!

आमच्या आजोबांच्या रॅलेला हे कुलूप नव्हते. पुण्याच्या जुन्या बाजारातून मामेभावाने तसा चिमटा इंदूरला पाठवला खरा, पण नुसत्या चिमट्याने भागत नाही. त्याची वर हँडलकडे जाणारी दांडी आपल्या फ्रेमच्या उंचीला पुरायला हवी, चाकाचा आकार जुळायला हवा, आणि साधी वाटी काढून खाचांची वाटी बसवायला हवी, नाहीतर खिट्टीने शिरायचे कुठे? शिवाय रॅलेच्या दांडीवर इंचाला 26 आटे असतात आणि इतर बहुतेक सायकलींच्या दांडीवर 24, त्यामुळे दुकानातली कोणतीही चाकी (नट) तिच्यावर चढत नाही. ती जुनीच जपून ठेवावी लागते.

रामबागेकडच्या मिस्त्रीचाचांनी जुनी वाटी आतून सळईने, कडेकडेने हलके ठोके देत उतरवली. नवी बसवताना ती तिरकी जाऊ नये म्हणून त्यांनी घेतलेला वेळ पाहून माझाच धीर सुटत होता. मग ग्रीसमध्ये छर्रे मांडून त्यांनी चिमटा चढवला आणि हँडल दोन्ही बाजूंना पुनःपुन्हा फिरवून कुलूप उघडे असताना खिट्टी पुरती चिमट्याच्या आत राहते ना, हे तपासले. ही तपासणी सगळ्यांत महत्त्वाची, कारण चालत्या सायकलीचे हँडल खिट्टीने धरले तर चोराआधी मालकच आडवा व्हायचा.

"भिया, ताला तो बढ़िया है, पर चोर गाड़ी कंधे पे उठा ले गया तो?" चाचांनी विचारले. प्रश्न रास्त होता. हे कुलूप सायकल उचलू देते, चालवू मात्र देत नाही. वाकड्या हँडलने ढकलू गेल्यास ती घाण्याच्या बैलासारखी गोल फिरते. वीसएक किलोचे लोखंड खांद्यावर घेऊन भर रस्त्याने चालण्याची चोराला लाज वाटेल, असा हिशेब कुलूप घडवणाऱ्याने केला असावा, आणि मला तो आवडतो. सियागंजच्या घाऊक बाजारात जाताना मात्र मी मागच्या चाकाचे गोल कुलूपही लावतो, कारण तिथे खांद्यावर ओझे घेऊन चालणाऱ्याकडे कोणी वळूनही पाहत नाही.