गाडी कुठे लावलीत?

कोकणात केळशीला ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकूंनी सकाळी घावन वाढता वाढता विचारलं, "मग, गाडी कुठे लावलीत?" गाडी नाही, इथून दाभोळपर्यंत चालत जाणार आहोत, असं सांगितल्यावर त्यांनी उलथनं तसंच हवेत धरलं. "चालत? नवस बोललाय की काय?"

पुढचे चार दिवस हा प्रश्न आमच्या आधी गावात पोचत होता.

आम्ही चौघं. मास्तर, म्हणजे उभा जन्म भूगोल शिकवून निवृत्त झालेले. त्यांची बायको, जिला आम्ही सगळेच वहिनी म्हणतो. बँकवाला, जो सहलीसाठी आदल्याच दिवशी नवे बूट घेऊन आला होता. आणि मी. सगळे पन्नाशीच्या पलीकडचे, गुडघ्यांची खात्री नसलेले. ठरवलेलं फार नव्हतं. केळशीहून निघायचं, समुद्र उजव्या हाताला ठेवायचा, दाभोळची खाडी आली की थांबायचं. दुपारी जिथे सावली तिथे झोप. रात्री तिघांना मासे, मास्तरांना कुळथाचं पिठलं.

वेळापत्रक मात्र पंचांगाने ठरवलं. किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचं जुनं गणित आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहाला. त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे पूर्ण ओहोटी. चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा उगवतो, तशी भरतीही रोज पुढे सरकते, त्यामुळे हिशेब बसतो. आम्ही माघ वद्य पंचमीला निघालो. भरती पावणेचारला, म्हणजे ओहोटी सकाळी पावणेदहाला. बँकवाल्याने मोबाईलवर ताडून पाहिलं तर थोडा फरक निघाला. मास्तरांनी मोबाईललाच नापास केलं.

ओहोटीची ही काळजी उगाच नव्हे. भरतीला जी वाळू उरते ती वरची, कोरडी, भुसभुशीत. शंभर पावलं टाकली की पोटऱ्या बोलायला लागतात. पाणी मागे गेलं की खालची ओली पुळण उघडी पडते, ती कशी सारवलेल्या अंगणासारखी घट्ट. तिथे अनवाणी चालावं. बारके खेकडे वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्या करून बिळाभोवती नक्षी घालून ठेवतात, ती मोडू नये म्हणून वहिनी पहिल्या दिवशी तोल सांभाळत चालत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते सोडलं. भरती येऊन सगळं पुसतेच, म्हणाल्या.

नकाशात हा किनारा सरळ रेघ दिसतो. चालायला लागलं की कळतं, रेघ वगैरे काही नाही. पुळण, मग समुद्रात घुसलेलं डोंगराचं नाक, मग खाडी, पुन्हा पुळण. नाक आलं की चढून सड्यावर जायचं, जिथे काळा कातळ, वाळलेलं गवत आणि डोक्यावर ऊन. दुसरीकडे उतरलं की पोफळींची गार वाडी. केळशीतून उटंबरची चढण चढताना आम्हाला हे पहिल्यांदा कळलं. चढताना बँकवाल्याने नव्या बुटांबद्दल काहीतरी तक्रार केली, ती कोणी ऐकली नाही. आंब्याला मोहोर होता, काजूची बोंडं नुकती रंगायला लागली होती, आणि वरून केळशीची महालक्ष्मी, खाडी, वाळूची टेकडी असं सगळं तळहातावर मांडल्यासारखं दिसत होतं.

आड्याच्या वाडीत एका आजोबांनी पाणी दिलं. त्यांच्या कुंपणापलीकडे शेंडे नसलेले दोन माड अजून उभे होते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाचे. श्रीवर्धनच्या बाजूला ते किनाऱ्यावर आलं आणि केळशी, आडे, अंजर्ले या सगळ्या पट्ट्यातल्या बागा त्याने आडव्या केल्या. आजोबा म्हणाले, "सकाळी आगर होतं, संध्याकाळी नुसतं आभाळ दिसत होतं. पन्नास वर्षांत घरातून समुद्र दिसला नव्हता, त्या दिवशी दिसला." नवी पोफळं माणसाच्या दुप्पट उंच झाली होती. सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात; पहिल्या वर्षी लावलेली आता कुठे धरू लागली आहेत. त्यांनीही जाताना विचारलं, गाडी कुठे ठेवलीत म्हणून. मग आमच्या पायांकडे पाहून स्वतःच म्हणाले, "आम्ही दापोलीला चालतच जायचो. पण आम्हाला दुसरा इलाजच नव्हता."

हे वाक्य मास्तरांना फार लागलं. रात्री अंजर्ल्यात जेवताना त्यांनी ते दोनदा काढलं.

अंजर्ल्याची सकाळ मात्र कासवांची. ऑलिव्ह रिडले माद्या थंडीत रात्री किनाऱ्यावर येऊन खड्डा करून अंडी घालतात आणि परत जातात. पिल्लांशी त्यांचा पुढे काही संबंध नाही. पूर्वी ही अंडी कुत्री, कोल्हे आणि माणसं मिळून संपवत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासला गावकऱ्यांना घेऊन अंडी जाळीच्या कुंपणात सांभाळायला सुरुवात केली, तेच काम नंतर इतर किनाऱ्यांवर आलं. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वाळूतून वर येतात. आम्ही गेलो तेव्हा टोपलीखाली अकरा निघाली होती. त्यांना पाण्यात सोडत नाहीत, पाण्यापासून थोडं लांब वाळूवर ठेवतात. तेवढं अंतर त्यांनी स्वतः चालायचं असतं. दहा सरळ गेली. अकरावं वळून आमच्याकडे यायला लागलं. कार्यकर्त्या पोराने सगळ्यांना मागे सरकवलं, "काका, सावली पडते तुमची, हला." बँकवाला एका पायावर उभा राहिला. पाच-सात मिनिटांनी ते पिल्लू वळलं, लाटेने एकदा परत आणून टाकलं, दुसऱ्यांदा नेलं. वहिनी बराच वेळ तिथेच होत्या. चहाला हाक मारावी लागली.

कड्यावरचा गणपती चढून झाला. उजव्या सोंडेची मूर्ती, आणि देवळापासून समोर समुद्रात सुवर्णदुर्ग. मूळ देऊळ खाली किनाऱ्यावर होतं, समुद्र चढत गेला तसा देव डोंगरावर आला, अशी इथली कथा. वाटेत कातळावर देवाचं पाऊलही दाखवतात. भूगोलाच्या मास्तरांनी त्यावर काही बोलू नये असं आम्ही आधीच ठरवलं होतं. ते बोलले नाहीत, पण पाऊल कुठल्या दिशेला आहे ते वाकून पाहून आले. मग पुलावरून खाडी ओलांडली. पूल होण्याआधी इथे तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, होती. तरीत बसून पलीकडे जाण्याची आठवण सांगणारी माणसं दोन्ही काठांवर भेटतात, आणि पुलाबद्दल तक्रार करणारं एकही भेटत नाही.

हर्णैला पोचलो तेव्हा लिलावाची वेळ झाली होती. हा बाजार डोळ्यांआधी नाकाला भेटतो. होड्या उथळ पाण्यात उभ्या, बैलगाड्या सरळ पाण्यात शिरून माल आणणाऱ्या, आणि किनाऱ्यावर वाळूतच वाटे. पापलेट, सुरमई, हलवा, म्हाकूल, कोळंबीचे ढीग. आकडे इतक्या वेगाने पुकारतात की बँकेत तीस वर्षं काढलेला माणूससुद्धा भांबावला. त्याने कौतुकाने एका वाट्याकडे बोट केलं आणि पुढच्या क्षणी त्याच्या नावावर बोली लागली. बांगड्यांची पाटी. चौघांत, त्यातला एक शाकाहारी. समोरच्या मावशींनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं, "नको तर हात कशाला दाखवतांव? गाडी कुठाय तुमची, बर्फ आहे का?" शेवटी पाटीतले सहा बांगडे आम्ही घेतले आणि बाकीचे त्यांनीच दुसऱ्या गिऱ्हाइकाला वळते केले. ते सहा रात्री मुरुडच्या मुक्कामी तळून मिळाले.

सूर्य सुवर्णदुर्गाच्या पाठीमागे गेला. आंग्र्यांचं आरमार जिथून समुद्रावर नजर ठेवून असे, तो हा किल्ला १७५५ मध्ये पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. स्वतःच्याच आरमाराविरुद्ध इंग्रजांना हाताशी धरण्याच्या त्या निर्णयावर मास्तर आणि बँकवाला मुरुडपर्यंत भांडत गेले. मी आणि वहिनी शंभर पावलं पुढे.

मुरुड हे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं गाव. सकाळी बँकवाल्याने मोजा काढून टाचेवरचा फोड सगळ्यांना दाखवला आणि रिक्षाचा विषय काढला, तेव्हा मास्तरांनी कर्व्यांची गोष्ट सांगितली. पोरवयात सरकारी परीक्षेला बसायचं म्हणून ते सोबत्यांबरोबर मुरुडहून साताऱ्याला चालत गेले, शंभरावर मैल, मध्ये सह्याद्रीचा घाट. पोचल्यावर परीक्षा घेणाऱ्यांनी पाहिलं आणि हा मुलगा सतरा वर्षांचा वाटत नाही म्हणून परत पाठवलं.

"म्हणजे चालून काही उपयोग झाला नाही," बँकवाला म्हणाला. मास्तरांकडे उत्तर नव्हतं. वहिनींनी फोडावर पट्टी लावली आणि त्याला स्वतःच्या जादा चपला दिल्या. जांभळ्या होत्या. दाभोळपर्यंत त्याने त्याच घातल्या.

त्या दिवशी आमची चूक झाली. ओहोटी सव्वाअकराची, आणि आम्ही कर्दे पुळणीवर डॉल्फिन दिसतात म्हणून दीड तास बसून राहिलो. (दिसले. दोन पाठी आणि एक शेपूट.) कर्द्याहून लाडघरला जाताना मध्ये डोंगराचं नाक येतं. जाळं विणत बसलेल्या एका बाबांनी सांगितलं, वरून जा. पाणी तर अजून लांब दिसत होतं, वर चढायचा कंटाळा आला होता, आणि भांगाचं, म्हणजे अष्टमीच्या सुमाराचं, पाणी फार चढत नाही असं मास्तरांचं शास्त्र. कालवांनी खडबडीत झालेल्या खडकांवरून आम्ही निघालो. अर्ध्या वाटेत मागची वाट ओली झाली. पुढे एका घळीत लाट कमरेपर्यंत आली. पाठपिशव्या डोक्यावर, वहिनी मधे, कोणी काही बोलत नाही. वीसेक मिनिटांचा प्रकार, पण लाडघरच्या वाळूवर पाय टेकले तेव्हा माझे हात थरथरत होते आणि मास्तरांच्या गुडघ्यातून रक्त येत होतं. पंचांग भिजलं होतं.

लाडघरच्या समुद्राला तामसतीर्थ म्हणतात, इथलं पाणी तांबूस दिसतं म्हणून. आम्ही ते पाहिलं, पण पाण्याकडे पाठ करून बसलो होतो.

शेवटचा दिवस घाईचा. बुरोंडीचा परशुराम पृथ्वीच्या अर्धगोलावर उभा आहे, त्याला खालूनच नमस्कार केला. कोळथऱ्याच्या वाडीत कोळेश्वराच्या देवळात दोन तास झोपलो. चार दिवसांतली सगळ्यात चांगली झोप. आणि खरं सांगून टाकतो, कोळथऱ्याच्या पुढचा सड्यावरचा मोठा तुकडा आम्ही एसटीने केला. मास्तरांचा गुडघा सुजला होता. दाभोळच्या अलीकडे उतरून शेवटचा उतार चाललो, तोंड दाखवायला जागा राहावी म्हणून.

दाभोळ आज शांत गाव आहे. एके काळी इथून अरबस्तानाकडे जहाजं जात. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी बंदर जाळलं, तरी ते पुन्हा उभं राहिलं. विजापूरच्या काळातली अंडा मशीद अजून धक्क्याजवळ आहे. पुढ्यात वाशिष्ठीची रुंद खाडी, आणि पलीकडे वीज प्रकल्पाची धुराडी. नाव दाभोळचं, प्रकल्प गुहागर तालुक्यात. मास्तरांनी हे आम्हाला सांगितलं, मग शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी कुटुंबालाही सांगितलं.

गुहागरला मास्तरांचा भाचा आहे, त्याच्याकडे रात्रीचं जेवण होतं. म्हणून धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीच्या खिडकीपाशी रांगेत उभे राहिलो. पुढे सगळ्या गाड्या, मागे सगळ्या गाड्या. खिडकीतल्या मुलाने मान वर न करता विचारलं, "गाडी कुठली?"

"गाडी नाही."

त्याने मान वर केली. बँकवाल्याच्या जांभळ्या चपला, मास्तरांचा बांधलेला गुडघा, वहिनींच्या पिशवीला लटकवून वाळत घातलेलं पंचांग.

"चालत आलाव?"

"केळशीहून," मास्तर म्हणाले. एसटीचं कोणी काढलं नाही.

"बरं," तो म्हणाला, आणि चार माणसांची तिकिटं फाडली.