‘वर’चं पान: इंग्रजी सरावाचा अकरावा महिना

अकरावा महिना संपला. तिसरी शंभरपानी वही चालू आहे, इंग्रजी शब्दांच्या चिठ्ठ्या सहाशेच्या पुढे गेल्यात, आणि रविवारच्या फोनवर भाची मला पूर्वी दर वाक्याला थांबवायची ती आता दोन-तीन मिनिटांनी थांबवते. मोजायची तर प्रगती एवढीच. पण या महिन्यात वही लावायची पद्धत बदलली आणि फरक मलाच जाणवण्याइतका पडला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी: गडहिंग्लजला माझं हार्डवेअरचं दुकान आहे. वय त्रेपन्न. शाळा मराठी, इंग्रजी पाचवीपासून. राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं, तोवर मी गल्ल्यावर बसून जुना झालो होतो. परीक्षा द्यायची नाही, परदेशी जायचं नाही. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक फिरकत नाही आणि झोप काढली तर संध्याकाळी डोकं जड होतं, म्हणून हा नाद लावून घेतला.

तर झालं असं. टेम्पोवाल्याने पीव्हीसीचे पाइप दिवसभर उन्हात टाकून ठेवले, काही वाकले, मी त्याला झापलं. रविवारी भाचीला हे इंग्रजीत सांगताना म्हणालो, ‘आय वॉज अँग्री ऑन हिम.’

‘मामा, ऑन नाही. विथ.’

‘का गं?’

‘का म्हणजे? तसंच म्हणतात.’

हे उत्तर मला चालत नाही. नळ का गळतो असं गिऱ्हाइकाने विचारलं आणि मी ‘तसाच गळतो’ म्हणालो, तर ते समोरच्या दुकानात जाईल. रात्री जेवण झाल्यावर वही घेऊन बसलो आणि दहा महिन्यांतल्या लाल पेनाच्या खुणा एकेक करून बघितल्या. वही तेव्हा शाळेतल्यासारखी लावलेली होती: टेन्स म्हणजे काळ, प्रेपोझिशन म्हणजे ऑन, इन, ॲट असले शब्द, आर्टिकल म्हणजे अ आणि द, असे भाग. त्यामुळे एक गोष्ट कधी दिसलीच नव्हती. प्रेपोझिशनच्या निम्म्याअधिक चुका एकाच मराठी शब्दाच्या पोटातून आल्या होत्या, आणि तो शब्द म्हणजे ‘वर’.

त्याच्यावर रागावलो, देवावर विश्वास आहे, या पत्त्यावर पाठवा, स्टेशनवर भेटू, कुत्र्यावर दगड मारला, डोक्यावरून विमान गेलं. मी सगळीकडे ‘ऑन’ ठोकला होता. इंग्रजीत रागाला ‘विथ’ लागतो, विश्वासाला ‘इन’, पत्त्याला आणि स्टेशनला ‘ॲट’, दगडालाही ‘ॲट’, विमानाला ‘ओव्हर’. आणि प्रेमाला काहीच लागत नाही. आईवर प्रेम असलं तरी ‘लव्ह’ आणि ‘मदर’च्या मध्ये कुणी उभं राहत नाही. हल्ल्याचंही तसंच, ‘ॲटॅक’च्या पुढे थेट माणूस.

गंमत अशी की काही ठिकाणी ‘ऑन’ बरोबर बसतो. वेळेवर म्हणजे ऑन टाइम. फोनवर म्हणजे ऑन द फोन. तुझ्यावर अवलंबून म्हणजे डिपेंड ऑन यू. चार वेळा बरोबर आलं की माणूस पाचव्यांदा बिनधास्त टाकतो. अर्ध्या इंचाचा पाना चार नटांना बसला म्हणून पाचव्याला जोर लावायचा आणि नटाचे कोपरे झिजवायचे, हा प्रकार मी रोज बघतो. इथे तो मीच करत होतो.

म्हणून वही नव्याने लावली. आता पानांची नावं मराठी आहेत: वर, पासून, च, ला, असता, लोय (‘जेवलोय’मधला). चूक झाली की ती इंग्रजीच्या कोणत्या धड्यात बसते हे बघत नाही. तोंडात आधी कोणता मराठी शब्द आला होता ते आठवतो आणि त्या पानावर लिहितो.

‘वर’साठी एक अनपेक्षित मास्तर मिळाला तो म्हणजे क्रिकेटचं समालोचन. चेंडू थ्रू द कव्हर्स जातो, ओव्हर द बोलर्स हेड जातो, पास्ट पॉइंट जातो, डाउन द लेग साइड जातो. चेंडू डोळ्यांना दिसत असतो, त्यामुळे कोणता शब्द का आला हे विचारायची वेळच येत नाही. ही मंडळी कोणत्याही पुस्तकापेक्षा प्रेपोझिशन चांगले शिकवतात असं माझं प्रामाणिक मत आहे. टीव्हीचा आवाज बंद करून आपणच समालोचन करून बघा. बायको हसते, हसू द्या.

‘पासून’चं पान लवकर आटपलं. ‘दहा वर्षांपासून’ आणि ‘२०१५पासून’ हे मराठीत एकाच दोरीने बांधतात. इंग्रजीत किती काळ ते मोजलं तर ‘फॉर’, कधी सुरू झालं ते सांगितलं तर ‘सिन्स’. हे शाळेतही सांगितलं होतं. खरी चूक पुढच्या क्रियापदात होती. आपण ‘दहा वर्षांपासून इथे राहतो’ म्हणतो, साधा वर्तमानकाळ. इंग्रजीला तिथे ‘हॅव बीन लिव्हिंग’ लागतं. हे अजून दहातून चार वेळा सुटतं.

‘च’चं पान मात्र माझं आवडतं. ‘दुकान इथेच आहे’ याचं मी वर्षानुवर्षं ‘शॉप इज हिअर ओन्ली’ करत होतो, आणि आपल्याकडे सगळे तसंच बोलतात म्हणून कुणी टोकत नव्हतं. ‘ओन्ली’चा अर्थ ‘फक्त’. ‘च’चा अर्थ दर वेळी ‘फक्त’ नसतो. हा एवढासा च इंग्रजीत गेला की रूपं बदलतो. इथेच म्हणजे राइट हिअर. आत्ताच म्हणजे जस्ट नाऊ. त्यानेच सांगितलं म्हणजे ही टोल्ड मी हिमसेल्फ, किंवा नुसता ‘ही’वर आवाजाचा जोर. आणि ‘मी सांगितलंच होतं’ याला ‘आय डिड टेल यू’. हा ‘डिड’ मला फार आवडला. शाळेत तो फक्त प्रश्नाला आणि नकाराला वापरायचा असं डोक्यात बसलं होतं. तो च सुद्धा आहे हे त्रेपन्नाव्या वर्षी कळलं. आता संधी मिळेल तिथे वापरतो. भाची म्हणते, ‘मामा, दर वाक्यात डिड नको, भांडल्यासारखं वाटतं.’

आता ‘लोय’. प्रेझेंट परफेक्टचं, म्हणजे ‘हॅव’ लागणाऱ्या काळाचं, नाव काढलं की मला शाळेतलं बाकडं आठवायचं. ‘क्रिया नुकतीच पूर्ण झाली असून तिचा परिणाम…’ वगैरे. मग एका दुपारी पोरगा डबा घेऊन आला आणि म्हणाला, ‘शेट, जेवताय?’ मी म्हणालो, ‘जेवलोय.’ आणि तिथेच थांबलो. मी ‘जेवलो’ का नाही म्हणालो? कारण प्रश्न आत्ताच्या पोटाचा होता. ‘काल कुठे जेवलास?’ असं विचारलं असतं तर ‘बहिणीकडे जेवलो’ म्हणालो असतो. जेवलो, जेवलोय. सिमेंट संपलं, सिमेंट संपलंय. गिऱ्हाईक दारात उभं असताना मी ‘संपलंय’ म्हणतो, आणि महिनाअखेरीला हिशेब सांगताना ‘तेव्हा सिमेंट संपलं’. पहिला ‘हॅव’चा, दुसरा साध्या भूतकाळाचा. जो काळ चाळीस वर्षं जमला नाही तो मी दिवसातून शंभर वेळा मराठीत बिनचूक वापरत होतो.

त्या दिवसापासून पद्धत अशी: वाक्य मराठीत बोलताना शेवटी ‘य’ येतो का ते ऐकायचं. येत असेल तर ‘हॅव’. बहुतेक वेळा जमतं. एक कुंपण मात्र घालावं लागतं. मराठीत ‘हे मी काल बघितलंय’ बिनधास्त चालतं. इंग्रजीत ‘यस्टरडे’ आला की ‘हॅव’ला घराबाहेर काढायचं. काल, परवा, मागच्या सोमवारी, २०१९ला, असा ठरलेला वेळ वाक्यात दिसला की ‘य’ ऐकू आला तरी साधा भूतकाळ. हे कुंपण पानावर लाल चौकटीत लिहून ठेवलंय.

‘संपलंय’मध्ये आणखी एक खोच निघाली. मराठीत सिमेंट स्वतःच संपतं, कुणावर आळ येत नाही. इंग्रजीत नेहमी वापरतात ते ‘वी हॅव रन आउट ऑफ सिमेंट’, म्हणजे संपलो आम्ही! पहिल्यांदा वाचलं तेव्हा दुकान बुडाल्यासारखं वाटलं.

‘असता’बद्दल थोडक्यात. ‘पाऊस आला असता तर मी थांबलो असतो.’ आपल्याकडे दोन्हीकडे असता-असतो, तराजू सरळ. म्हणून आपण इंग्रजीतही दोन्ही पारड्यांत ‘वुड हॅव’ टाकतो. तिथे ‘इफ’च्या पारड्यात ‘हॅड’ जातो: इफ इट हॅड रेन्ड, आय वुड हॅव स्टॉप्ड. आणि अजून न आलेल्या पावसासाठी आपण ‘पाऊस आला तर’ म्हणतो, चक्क भूतकाळी रूप. इंग्रजीत ते वर्तमानात, ‘इफ इट रेन्स’. विल तिथे येत नाही. मी येऊ देतो. या पानावर सगळ्यात जास्त लाल आहे.

शब्दांकडे वळतो. सेबास्टियन लाइटनर नावाच्या जर्मन पत्रकाराने १९७०च्या दशकात सांगितलेली डब्यांची पद्धत इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे: आलेली चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकलेली परत पहिल्यात, आणि मागचे कप्पे कमी वेळा उघडायचे. फोनवर त्याची ॲप आहेत, पण माझ्याकडे स्क्रूचे ड्रॉवर आहेत. भिंतीवरच्या खणांतले खालचे पाच रिकामे करून घेतले. पहिला रोज, दुसरा दिवसाआड, तिसरा आठवड्याला, चौथा पंधरवड्याला, पाचवा महिन्याला. चिठ्ठ्या जुन्या बिलांच्या पाठकोऱ्या कागदांच्या.

यात एक घोटाळा झाला. मी बँकेत गेलो होतो, मागे पोराने दीड इंची स्क्रू देताना तिसरा खण उघडला आणि पुडी बांधायला हाताशी आले ते कागद घेतले. दुसऱ्या दिवशी सुतार आला. म्हणाला, ‘शेट, स्क्रू ठीक आहेत, पण हे रिलक्टंट म्हणजे कुठलं माप?’ त्याला ‘नाखूश, तयार नसलेला’ असं सांगितलं. आता तो उधारी मागितली की म्हणतो, ‘आज जरा रिलक्टंट हाय.’ सहाशे चिठ्ठ्यांतला सगळ्यात पक्का बसलेला शब्द हाच, माझाही आणि त्याचाही. सात चिठ्ठ्या मात्र गेल्या त्या गेल्याच.

शब्द कोणत्या यादीतून घेता, असं मागे इथे कुणी विचारलं होतं. मी मायकेल वेस्टची १९५३ची जनरल सर्व्हिस लिस्ट धरली आहे, साधारण दोन हजार शब्दांची. जुनी आहे, पण हा माणूस ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात काम केलेला, बंगालच्या पोरांना इंग्रजी वाचायला कसं जमेल याच्यामागे लागलेला. आपल्यासारख्यांना डोळ्यांसमोर ठेवून काम केलेल्या माणसाची यादी मला जवळची वाटते. त्यातले चेहऱ्याने ओळखीचे खूप निघाले. वाक्यात घालायला सांगितलं की ओळख पुसट होते.

शिवाय दुकानातली फळीही शब्द शिकवते. एल्बो म्हणजे पाइपाचं वळण, हे मला लहानपणापासून माहीत. एल्बो म्हणजे कोपर हे गेल्या वर्षी कळलं. रिड्यूसरवरून रिड्यूस, कपलिंगवरून कपल, नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवरून ‘नॉन’ लागणारे सगळे. प्लंबरच्या स्पेलिंगमधला मुका बी कुठून आला ते शोधलं तर शिशाचं लॅटिन नाव निघालं, प्लंबम. शाळेत शिशाची खूण पीबी शिकलो होतो ती त्याचीच. डेट म्हणजे उधारी, त्यातही मुका बी आहे, पण तो नंतर विद्वानांनी लॅटिन ‘डेबिटम’ची आठवण म्हणून घुसवलेला. उच्चारात तो कधी आलाच नाही. उधारीच्या वहीत असे न बोलता बसून राहिलेले माझ्याकडेही बरेच आहेत.

आणि मंगूस! हा आपला मुंगूस, मराठीतूनच तिकडे गेलेला. गूसचं अनेकवचन गीस होतं म्हणून मी याचं मंगीस केलं होतं. होतं मंगूसेस. आपल्याच जनावराचं अनेकवचन परक्यांकडून शिकावं लागलं.

राहिलं आर्टिकल. त्याचं पान करता येत नाही, कारण मराठीत त्याच्या जागी शब्दच नाही. ‘एक माणूस आला’ म्हटलं तर ‘अ’, ‘तो माणूस’ म्हटलं तर ‘द’, इथवर निभतं. पुढे अंधार. मागच्या रविवारी वीस वाक्यांत सात चुका, सातही ‘द’च्या. नद्यांना ‘द’ लागतो म्हणून द हिरण्यकेशी, द पंचगंगा हे पाठ केलं आणि त्याच झोकात ‘द रंकाळा लेक’ म्हणालो.

‘तळ्याला नाही, मामा.’

‘नदीला हाय आणि तळ्याला नाही?’

‘नाही. आणि हिमालयाला आहे, एव्हरेस्टला नाही.’

का ते विचारणार होतो, पण तिकडे तिच्या कुकरची शिट्टी झाली. रंकाळ्याची चिठ्ठी पहिल्या खणात टाकलीय. कुणाकडे या ‘द’साठी एखादी मराठी खूण असेल तर सांगा, एक पान कोरं ठेवलंय.