आपली ती कसरत

आमच्या वहिनी ऑफिस, मुलांचे डबे आणि सासूबाईंचा उपास एकाच सकाळी निभावून नेतात आणि वर म्हणतात, "काय सांगू भावजी, तारेवरची कसरत आहे." त्याच वहिनी गच्चीवरून शेजारच्या घरातली तशीच धावपळ पाहतात तेव्हा म्हणतात, "सर्कस चाललीये नुसती!" तंबू एकच. पण आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, तशी आपली ती कसरत आणि दुसऱ्याची ती सर्कस.

ग्वाल्हेरात तर 'सर्कस' या शब्दाचं लिंगही पक्कं नाही. हिंदीच्या सहवासात वाढलेली आमची पोरं बिनदिक्कत म्हणतात, "मेळ्यात सर्कस लागला." आजी दुरुस्त करते, पोरं पळून जातात.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ साधा आहे, वर्तुळ. फिलिप अ‍ॅस्टली या निवृत्त घोडेस्वारानं 1768 मध्ये लंडनला रिंगणातल्या घोडेस्वारीचे खेळ सुरू केले. गोल धावणारा घोडा आत कलतो, पाठीवर उभा असलेला स्वारही कलतो, आणि वेग नेमका असेल तरच तो टिकतो. त्यासाठी रिंगणाचा व्यास पुढे 42 फुटांवर ठरला, तो आजतागायत. म्हणजे इथे कुणी मनाला येईल तसं बागडत नाही. जोकरसुद्धा झुल्यावरून पडतो तो मोजून पडतो.

आणि ग्वाल्हेरच्या मराठी माणसानं तरी हा शब्द जपून वापरावा. आपल्या देशी सर्कशीचे जनक विष्णुपंत छत्रे सांगलीकडच्या अंकलखोपचे, पण घोड्यांची विद्या शिकले ती इथे, बाबासाहेब आपट्यांकडे. इथेच हद्दू खाँकडे गाणंही. मुंबईत चियारिनी या इटालियनाची सर्कस पाहून त्यांनी 1880 साली स्वतःची उभी केली. हद्दू खाँचे चिरंजीव, ख्यालगायक रहिमत खाँ, पुढे त्यांच्याबरोबर हिंडले. घोडे आणि ख्याल एकाच बिऱ्हाडात! मला यात नवल वाटत नाही. तिलवाडा तालाच्या सोळा मात्रांत कितीही फिरा, समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, वेळेत यावंच लागतं, घोड्याचंही तेच.

मग इथल्या महाराज बाड्याच्या चौकात ई-रिक्षा आणि हातगाड्या एकमेकांत अडकतात त्याला म्हणायचं काय? गोंधळ? तो तर देवीचा. संबळ, दिवटी, सगळं यथासांग. तमाशा? त्यात गणाआधी गौळण येत नाही. नाटक म्हणावं तर तालमी झालेल्या असतात, आणि इथली नौटंकी नगाऱ्याच्या ठेक्याबाहेर जात नाही. राहता राहिला 'जाम'. तो इंग्रजांचा. त्याची बाजू घ्यायला इथे कुणी येणार नाही, खुशाल वापरा.