पावणेदोन किलो सीताफळं

मी बीड जिल्ह्यात धारूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते, सहावी सातवीचं गणित माझ्याकडं आहे आणि गेल्या तीन वर्षांपासून शिक्षणशास्त्रात पीएचडी पण चालू आहे. विषय असा की आईवडील ऊसतोडीला गेल्यावर मागं आजी-आजोबांकडं राहणाऱ्या लेकरांचं गणित कुठवर येतं. हा विषय मी कुठल्या यादीतून उचललेला नाही, दिवाळी झाली की माझा अर्धा वर्ग डोळ्यादेखत बदलतो, मुकादमाची उचल घेतलेली कोयती, म्हणजे तोडणीची जोडपी, निघतात, ट्रक भरतात, काही लेकरं सोबत जातात काही मागं राहतात, त्यातून तो आला. परवा एका मैत्रिणीशी बोलताना त्या रविवारची गोष्ट निघाली, ती म्हणाली लिहून काढ, म्हणून लिहितेय.

दिवाळीच्या आधीचा रविवार, गावचा आठवडी बाजार. आमच्याकडं बालाघाटाच्या डोंगरात त्या दिवसांत सीताफळ म्हणजे सीताफळच, बाजाराच्या तोंडापासूनच टोपल्या लागलेल्या असतात. मी भाजी घेऊन निघाले होते आणि एका टोपलीमागं माझ्याच वर्गातलं एक पोरगं बसलेलं दिसलं, शेजारी त्याची आजी. नाव लिहीत नाही, माझ्या डेटात तो ४७ नंबर आहे, इथंही तेच म्हणते.

आता ४७ बद्दल सांगायचं तर, दहाच दिवस आधी मी त्याची चाचणी घेतली होती. वीस प्रश्न, टॅबलेटवर. ते ॲप माझ्या मावसभावानं बनवून दिलेलं, तो इंजिनिअरिंग कॉलेजला कॉम्प्युटर शिकवतो. प्रश्न स्क्रीनवर येतो, चाळीस सेकंदांत उत्तराला टच केलं नाही की पुढचा येतो. ४७ चे आले तीन. एक्सेलमध्ये त्याच्या पुढं मी 'अपूर्णांक व दशांश: प्राप्त नाही' असं लिहिलं होतं, स्वतःच्या हातानं.

टोपलीत खाली लिंबाचा पाला, त्यावर फळं, डोळे उघडलेली एका बाजूला आणि पाड लागलेली दुसऱ्या बाजूला, ती वाटणी पण त्यानंच केलेली. एक बाई आल्या, सत्तर रुपये किलो भाव ठरला, त्यांनी निवडून निवडून तागडीत टाकली, एक किलोचं, अर्ध्याचं आणि पाव किलोचं वजन लागलं, म्हणजे पावणेदोन किलो. बाईंनी दोनशेची नोट काढली आणि ती नोट त्याच्या हातात पडायच्या आत हा म्हणतो, "एकशे साडेबावीस झाले, आठ आणे सोडले, हे घ्या अठ्ठ्याहत्तर."

मी तिथंच थांबले, पिशवी खाली ठेवली.

बाई गेल्यावर विचारलं, "बाळा, कसं काढलंस रे हे?" तो आधी गांगरला, मॅडम बाजारात रागवायला आल्यात की काय असं त्याला वाटलं असणार. मग म्हणाला, "दोन किलोचे एकशेचाळीस की मॅडम. त्यातून पावचे साडेसतरा गेले."

घरी जाईपर्यंत माझ्या डोक्यात तेवढंच घोळत होतं. कारण टॅबलेटवरचा बारावा प्रश्न होता ७० × १.७५, हुबेहूब हाच हिशोब, योगायोगानंच, आणि त्यानं तो कोरा सोडला होता.

रात्री मग एक पेपर परत काढून वाचला जो मी फेब्रुवारीतच डाउनलोड करून ठेवला होता आणि चाळून बाजूला टाकला होता. २०२५ च्या फेब्रुवारीत नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात आलेलं संशोधन, अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणारी १,४३६ लेकरं त्यांनी पाहिली. आधी नुसतं गिऱ्हाईक बनून जायचं, मुद्दाम आडमाप मागायचं, म्हणजे वीस रुपये किलोचे ८०० ग्रॅम बटाटे आणि पंधरा रुपये किलोचे १.४ किलो कांदे, दोनशेची नोट द्यायची आणि बघायचं. जवळजवळ सगळी लेकरं असले हिशोब बरोबर करत होती. तेवढ्याच किंवा त्याहून सोप्या गणिताला शाळेचा साचा दिला की अडत होती. आणि उलट, आसपासच्या शाळांतली ४७१ लेकरं, ज्यांनी कधी काही विकलं नाही, ती कागदावरची सोपी गणितं बरी करत होती, पण बाजारातल्या ज्या गणिताचं उत्तर कामकरी लेकरांपैकी एक तृतीयांशाहून जास्त जणांनी दिलं ते यांच्यातल्या एका टक्क्याला आलं. पाठांतर असेल, कुणी मदत केली असेल, अशा शंकाही त्यांनी तपासून बघितल्या, त्यानं उलगडा होत नाही.

हे नवं आहे असंही नाही. १९८५ साली ब्राझीलच्या रेसिफे शहरात कॅराहर आणि श्लीमन या संशोधकांनी रस्त्यावर विकणाऱ्या पाच लेकरांना विचारलं होतं. ३५ ला एक तर दहा नारळ किती, यावर एक बारा वर्षांचं पोरगं तीन-तीन नारळांच्या ढिगानं १०५, मग २१०, मग ३१५ आणि शेवटी ३५० असं पोचलं. रस्त्यावर ९८ टक्के उत्तरं बरोबर, आणि तसलीच गणितं कागदावर नुसत्या आकड्यांत दिली तर ३७ टक्के. हे मी माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात संदर्भ म्हणून लिहिलेलं सुद्धा होतं! लिहिलं होतं आणि तरी ४७ पुढं 'प्राप्त नाही' लिहिलं. याचं मला खरंच वाईट वाटलं.

सोमवारी मधल्या सुट्टीत त्याला बोलावलं, टायमर नाही, टॅबलेट नाही, साधा कागद. ७० × १.७५ लिहून दिलं. त्यानं नीट मांडणी केली, १७५ खाली ७०, हातचे धरले, गुणाकार केला आणि उत्तर लिहिलं १२२५०. पॉइंट नाही. आणि शांतपणे कागद माझ्याकडं सरकवला. मी म्हटलं, "पावणेदोन किलो सीताफळांचे बारा हजार दोनशे पन्नास?"

त्यानं कागदाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "हे सीताफळाचं हाय का मॅडम? मंग आधी सांगायचं की." पेन्सिल उचलली, उत्तर खोडलं, एकशे साडेबावीस असं अक्षरांत लिहिलं.

नंतर वर्गात सगळ्यांना तो बटाटे-कांद्याचा प्रश्न तोंडी घातला. माझी पहिली येणारी मुलगी, तिची वही बघावी अशी, ती उठून म्हणाली, "मॅडम, गुणायचं का भागायचं?" मी म्हटलं तूच ठरव. तिनं ८०० ग्रॅमचे सोळा बरोबर काढले आणि कांद्याला १.४ गुणिले पंधरा करून २१० लिहिले, दोनशेच्या नोटेतून २१० कसे वजा करायचे म्हणून थांबली. मागच्या बाकावरून ४७ हळूच म्हणाला, सोळा न् एकवीस सदतीस, एकशे त्रेसष्ट परत. दोघांनाही अर्धं अर्धं गणित येतं आणि दोघांनाही मीच शिकवते.

मला जे सगळ्यात जास्त लागलं ते मात्र शब्दाचं. पावणेदोन म्हणजे काय, पाव उणे दोन. रीत शब्दातच बसलेली आहे, दोनचे काढ आणि पाव कमी कर. एकोणीस, एकोणतीस पण तसेच. पोरगं शब्द ऐकतं आणि शब्दच त्याला वाट दाखवतो. मी १.७५ लिहिलं आणि ती वाट बुजवली. त्याच्या आजीकडं संमतीपत्रावर अंगठा घ्यायला गेले होते तेव्हा ती सहज म्हणालेली, "आमच्या बापाला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, पार औटकीपोत्तर यायची." मी तेव्हा ते फील्ड डायरीत सुद्धा लिहिलं नाही, विषयाबाहेरचं वाटलं. हे सगळे अपूर्णांकांचे पाढे, औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, हे आता माझ्या वर्गात कुणालाच माहीत नाही. २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला वीस एक आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय ना, बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकरांनी तेव्हा शांतपणे सांगितलं होतं की जोडाक्षरं आणि उलटा क्रम लहान लेकरांना जड जातो. मला तो मुद्दा पटतो, आजही पटतो. पण आकड्याचं नाव सोपं करायचं का यावर आपण एवढं भांडलो आणि पाव, पाऊण, सव्वा, दीड वर्गातून कधी गेले ते कुणाच्या लक्षात पण आलं नाही.

मावसभावाला फोन केला. त्यानं लॉग काढून बघितला, ४७ नं चौदा प्रश्नांत स्क्रीनला बोटच लावलं नव्हतं. म्हणाला, "ताई, माझ्या ॲपला गप्प बसलेलं लेकरू आणि न येणारं लेकरू एकच दिसतं." दोन दिवसांत त्यानं टायमर काढला, आणि प्रश्न इकडच्या बोलीत ऐकू येईल, उत्तर पण बोलून देता येईल असं करून दिलं. आमच्या आवाजाचं रेकॉर्डिंग मी माझ्या मोबाईलवर शाळेच्या स्टोअररूममध्ये बसून केलं, बाहेर पोरांचा गोंगाट, चार वेळा करावं लागलं.

गाईड मॅडमना सांगायची भीती वाटत होती कारण पाच शाळांचा डेटा होता आणि मुदतवाढ आधीच एकदा घेतलेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमचं साधन काय मोजतंय?" वैधता हा शब्द मी बीएडपासून परीक्षेत लिहीत आले, त्या दिवशी मला त्याचा अर्थ कळला. जुना डेटा ठेवायचा ठरलं, काहीही पुसायचं नाही, पण प्रत्येक लेकराची चाचणी आता दोनदा, एकदा आकड्यांत आणि एकदा बोलून, वजनामापाच्या भाषेत. म्हणजे परत पाच शाळा, परत सगळी संमतीपत्रं, आणि तोवर कोयती निघालेली.

४७ चे आईवडील भाऊबीज झाली की गेले, तो आजीपाशी राहिला. रोज शाळा सुटल्यावर वीस मिनिटं आम्ही बसतो. पॉइंट अजून चुकतो, लवकर सुटेल असं मला वाटत नाही. पण आता कुठलंही गणित घातलं की आधी विचारतो, हे कशाचं हाय. परवा ३६५ भागिले ७ दिलं, साधा भागाकार, त्याला भागाकारच सगळ्यात जड जातो. त्यानं विचारलं कशाचं हाय मॅडम. मी म्हटलं तूच सांग. बराच वेळ पेन्सिल चावत खिडकीबाहेर बघत बसला.

मग म्हणाला, "वरसाचे बाजार हायेत. बावन्न बाजार, न् एक दिस उरला." आणि वहीत ५२ लिहून खाली बाकी १ लिहिली.