टाकीत गॅस किती उरला, हे दाब का सांगत नाही

घरगुती गॅसच्या टाकीवर दाबमापक का बसवलेला नसतो, हा प्रश्न वायूंचे नियम शिकलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला पडायला हवा. सहसा तो पडत नाही. सीएनजीवर चालणाऱ्या रिक्षात दाब दाखवणारा काटा असतो आणि गॅस जसजसा जळत जातो तसतसा तो खाली उतरतो. स्वयंपाकघरातल्या लाल टाकीवर तसाच काटा बसवला, तर टाकी भरलेली असताना तो जिथे असेल, त्याच्या आसपासच तो टाकी तीन चतुर्थांश संपल्यावरही रेंगाळत राहील आणि अगदी अखेरच्या तास-दोन तासांत झपाट्याने खाली येईल. ज्या माहितीसाठी काटा बसवायचा, नेमकी तीच तो देणार नाही.

याचे कारण असे की आपण जिला गॅसची टाकी म्हणतो, तिच्यात वजनाच्या हिशेबाने पाहिले तर जवळजवळ सगळा द्रवच असतो. घरगुती टाकीची आतली क्षमता ३३.३ लिटर असते. तीत स्वयंपाकाचा गॅस, म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन या दोन वायूंचे मिश्रण, निव्वळ वायूच्या रूपात, बाहेरच्या हवेच्या दाबाइतक्याच दाबाने भरले, तर ते जेमतेम ७५ ग्रॅम मावेल. प्रत्यक्षात आपण १४.२ किलो विकत घेतो. एवढा वायू मोकळा सोडला तर तो साधारण साडेसहा घनमीटर जागा व्यापेल; द्रवरूपात मात्र तो सव्वीस लिटरच्या आसपास बसतो, म्हणजे त्याचे आकारमान सुमारे अडीचशे पटींनी कमी होते. उरलेली सात-आठ लिटर जागा मुद्दाम मोकळी ठेवलेली असते. उन्हाळ्यात द्रव प्रसरण पावतो, आणि द्रव वायूसारखा दबत नसल्यामुळे त्याला पसरायला जागा मिळाली नाही तर पोलादी टाकीवरही भयंकर ताण येईल.

आता या मोकळ्या जागेत काय चालते ते पाहू. द्रवाच्या पृष्ठभागावरून रेणू सतत सुटून वर येत असतात आणि वरच्या वाफेतले काही रेणू पुन्हा द्रवात शिरत असतात. या दोन्हींचा वेग सारखा झाला की वाफेचा दाब एका ठरावीक आकड्यावर स्थिरावतो. त्याला बाष्पदाब म्हणतात. हा आकडा द्रव कोणता आहे आणि त्याचे तापमान किती आहे यावर अवलंबून असतो. द्रव किती आहे याच्याशी त्याचा संबंध नसतो. शेगडी पेटवून वरची थोडी वाफ काढून घेतली की खालचा द्रव लगेच तेवढी नवी वाफ पुरवतो आणि दाब पूर्ववत होतो. म्हणून टाकीत दहा किलो द्रव असो की एक किलो, तीस अंश सेल्सियसला दाब वातावरणाच्या साधारण पाचपट राहतो. मिश्रणातल्या प्रोपेनचे प्रमाण बदलले की हा आकडा थोडा इकडेतिकडे होतो. बॉइल या शास्त्रज्ञाने १६६२ मध्ये मांडलेला नियम, म्हणजे तापमान तेच असताना वायूचे आकारमान जितके वाढेल तितका त्याचा दाब उतरतो हा, येथे मोडत नाही, तो लागूच होत नाही, कारण त्या नियमात वायूची राशी कायम असते आणि येथे द्रव तिच्यात सारखी भर घालत असतो. पाठ्यपुस्तकांत हा नियम दट्ट्या बसवलेल्या नळकांड्याच्या आकृतीवरून शिकवतात आणि ज्या नळकांड्याशी घरात रोज गाठ पडते त्याचा उल्लेखही करत नाहीत, याची मला नेहमीच चुटपुट वाटते.

मग रिक्षातल्या काट्याचे काय? तेथील वायू प्रामुख्याने मिथेन असतो आणि मिथेन कितीही दाबला तरी आपल्याकडच्या तापमानाला त्याचा द्रव होत नाही. हे समजायला एकोणिसाव्या शतकातल्या लोकांना बराच वेळ लागला. फॅरडेने १८२३ मध्ये क्लोरीन द्रवरूपात आणला, पुढे आणखी काही वायू दाबाने वठणीवर आले, पण ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन, मिथेन असे काही वायू कशालाच दाद देईनात, म्हणून त्यांना 'स्थायी वायू' असे नावही पडले. बेलफास्टच्या टॉमस अँड्र्यूज यांनी कार्बन डायऑक्साइडवर चिकाटीने प्रयोग करून १८६९ मध्ये या कोड्याचा उलगडा केला. प्रत्येक वायूचे एक क्रांतिक तापमान असते. त्याच्या वर असताना वायू कितीही दाबला तरी तो दाट होत जातो, पण द्रव आणि वाफ यांना वेगळे करणारी सीमारेषा त्यात कधीच उमटत नाही. कार्बन डायऑक्साइडसाठी हे तापमान ३१ अंश आहे, प्रोपेनसाठी सुमारे ९७, ब्यूटेनसाठी सुमारे १५२ आणि मिथेनसाठी उणे ८२ अंशांच्या आसपास. म्हणून प्रोपेन आणि ब्यूटेन थोड्याशा दाबाने निमूटपणे द्रव होऊन टाकीत बसतात, तर मिथेन वातावरणाच्या दोनशेपट दाबाने जाड भिंतींच्या टाकीत कोंबावा लागतो आणि तरीही तो वायूच राहतो. द्रवाची भर घालणारे कोणी नसल्यामुळे तो वापरला तसा दाब उतरतो आणि रिक्षाचा काटा खरे बोलतो. मुंबईच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रांतून येणाऱ्या वायूतून उरणच्या प्रकल्पात स्वयंपाकाचा गॅस वेगळा काढतात, तोही याच फरकाच्या जोरावर. वायूचे मिश्रण पुरेसे थंड केले की प्रोपेन आणि ब्यूटेन आधी द्रव होतात आणि मिथेन वायुरूपातच पुढे निघून जातो.

बाष्पदाब तापमानावर अवलंबून असतो असे म्हटले की पुढचा प्रश्न ऊर्जेचा येतो, आणि माझ्या मते या साऱ्या विषयातला सर्वांत रंजक भाग हाच आहे. द्रवाची वाफ फुकट होत नाही. एक किलो द्रव वायूत बदलायला साधारण ३७० किलोज्यूल उष्णता लागते. तिला अप्रकट उष्मा म्हणतात, कारण ती घेऊनही पदार्थाचे तापमान वाढत नाही, ती केवळ रेणूंना परस्परांपासून सोडवण्यात खर्ची पडते. टाकीला ही उष्णता देणारे दुसरे कोणी नसते. ती आधी द्रव स्वतःच्या अंगातून देतो आणि थंड होतो, मग ही तूट भरून काढायला बाहेरच्या हवेतली उष्णता पोलादातून आत शिरते. माठातले पाणी गार होते ते याच कारणाने. घरची एक मोठी शेगडी पूर्ण आचेवर ताशी सुमारे २०० ग्रॅम गॅस जाळते. त्यासाठी आत शिरावी लागणारी उष्णता सेकंदाला वीस ज्यूल, म्हणजे वीस वॅटच्या दिव्याएवढी असते, आणि स्वयंपाकघरातली हवा ती सहज पुरवते. म्हणून घरात आपल्याला काहीच जाणवत नाही.

लग्नाच्या मांडवामागे मात्र हेच सगळे डोळ्यांना दिसते. आचाऱ्याच्या मोठ्या भट्टीला तासाला एक किलोहून अधिक गॅस लागतो, म्हणजे शंभर वॅटहून अधिक उष्णता टाकीत सतत शिरायला हवी, आणि आजूबाजूची हवा तेवढी देऊ शकत नाही. परिणामी द्रवाचे तापमान घसरत जाते. आधी टाकीच्या खालच्या अंगावर दव धरते, मग ते ओघळू लागते आणि थंडीच्या दिवसांत पहाटेच्या कामाला त्याचा पांढरा थरही बनतो. हा थर टाकीभर नसतो. तो एका आडव्या रेषेपाशी थांबतो आणि ती रेषा म्हणजे आतल्या द्रवाची पातळी. द्रव थंड झाला की बाष्पदाब उतरतो, ज्योत मंदावते आणि कढईतले तेल पुरीला फुगवेनासे होते. टाकी निम्मी भरलेली असते, तरी गॅस संपल्यासारखी वागते. अनुभवी आचारी अशा वेळी टाकी साध्या पाण्याच्या टपात उभी करतात आणि ज्योत पुन्हा जोर धरते. पाणी हवेपेक्षा कितीतरी पटीने जलद उष्णता देते. आचाऱ्याला हे सूत्ररूपाने ठाऊक नसेल, पण त्याचा इलाज भौतिकशास्त्राच्या दृष्टीने बिनचूक आहे. टाकी उकळत्या पाण्यात ठेवणे किंवा जवळ जाळ करून ती शेकणे हा मात्र शुद्ध वेडेपणा आहे, कारण बाष्पदाब तापमानाबरोबर फार झपाट्याने चढतो.

शुद्ध ब्यूटेनचा उत्कलनांक, म्हणजे मोकळ्या हवेत तो ज्या तापमानाला उकळतो ते, उणे अर्धा अंश आहे आणि प्रोपेनचा उणे ४२. लडाखच्या हिवाळ्यात ब्यूटेन टाकीत द्रव म्हणूनच पडून राहतो, त्याची पुरेशी वाफ होत नाही. निफाडच्या कडाक्याच्या थंडीत एवढे घडत नाही, फक्त ज्योतीचा जोर जरा कमी वाटतो. त्यातही नवी टाकी आणि संपत आलेली टाकी यांच्यात फरक असतो. प्रोपेन अधिक उतावळा असल्याने त्याची वाफ आधी निघून जाते आणि तळाशी उरणारा द्रव ब्यूटेनबहुल होत जातो. त्यामुळे महिनाअखेरीस थंड सकाळी टाकी कुरकुरू लागते. अशा वेळी टाकी आडवी करून 'उरलासुरला गॅस' काढण्याची पद्धत अनेक घरांत आहे आणि ती मोडायलाच हवी. आडव्या टाकीत द्रव झडपेपर्यंत येऊ शकतो. रेग्युलेटर केवळ वायूसाठी घडवलेला असतो, आणि त्यातून द्रव निसटला तर तो बाहेर येताच अडीचशेपट फुगतो.

टाकीत किती उरले हे कळण्याचा भरवशाचा मार्ग एकच, तो म्हणजे वजन. रिकाम्या टाकीचे वजन तिच्या वरच्या कड्याच्या पट्टीवर कोरलेले असते. ते सहसा पंधरा-सोळा किलोंच्या दरम्यान असते. ताणकाट्याला टाकी लटकवून एकूण वजनातून ते वजा केले की झाले. काटा नसेल तर ओले फडके टाकीवरून उभे फिरवावे आणि थोडा वेळ थांबावे. वरचा भाग लवकर सुकतो, खालचा ओला राहतो, कारण द्रवाला तापवायला बरीच उष्णता लागते आणि त्याला टेकलेला पत्रा गारच राहतो, तर वाफेला टेकलेला पत्रा हवेतल्या उष्णतेने लवकर तापतो. ओल्या-सुक्याची सीमा म्हणजे द्रवाची पातळी.

द्रवाची वाफ करायला लागणारे किलोमागचे ३७० किलोज्यूल आणि जळताना मिळणारे सुमारे ४६ हजार किलोज्यूल यांची तुलना केली तर पदार्थाची अवस्था बदलणे आणि पदार्थच बदलणे यांत केवढे अंतर आहे ते कळते. पहिली रक्कम दुसरीच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. बाष्पीभवनात रेणू शाबूत राहतात, केवळ दूर जातात; ज्वलनात रेणूच्या आतले, अणूंना जोडणारे बंधच तुटून नवे जोडले जातात. एका भरलेल्या टाकीतून सुमारे ६५० मेगॅज्यूल, म्हणजे विजेच्या हिशेबात साधारण १८० युनिट एवढी ऊर्जा मिळते. ती सगळी भांड्यात जात नाही. चांगल्या शेगडीतही तिसरा हिस्सा आजूबाजूच्या हवेत जातो. पाणी एकदा उकळू लागल्यावर मोठी आच ठेवून आपण आणखी काही टक्के खिडकीबाहेर घालवतो, कारण उघड्या भांड्यातले पाणी पुण्यात अठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपास उकळते आणि आच वाढवली तरी तेवढेच गरम राहते, फक्त वाफ अधिक होते.

आणि टाकीतला पदार्थ? तो नाहीसा होत नाही. १४.२ किलो गॅस जळताना हवेतला सुमारे ५१ किलो ऑक्सिजन वापरला जातो आणि त्यातून सुमारे ४३ किलो कार्बन डायऑक्साइड व २२ किलो पाणी तयार होते. बेरीज दोन्हीकडे पासष्टच्या आसपास येते. हे २२ लिटर पाणी वाफेच्या रूपात स्वयंपाकघरात पसरते, पावसाळ्यात भिंती ओलसर ठेवण्यात त्याचाही हात असतो. ते पाहायचेच असेल तर बाहेरून नीट पुसून घेतलेल्या पातेल्यात गार पाणी भरून ते पेटत्या शेगडीवर ठेवावे. पहिल्या अर्ध्या-एक मिनिटात पातेल्याच्या बाहेरच्या अंगाला बारीक थेंब धरतात, खाली ओघळून ज्योतीवर चुरचुरतात आणि भांडे गळते आहे की काय अशी शंका येते. भांडे गळत नसते. तो टाकीतला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनला भेटून झालेले पाणी असते. पातेले तापले की थेंब दिसेनासे होतात, पाणी मात्र तयार होतच राहते. म्हणून शेगडी पेटलेली असताना खिडकी उघडी हवी, हिवाळ्यात गार वारा येत असला तरी.