‘ह्योच नंबर दोन्हीत टाका’

बीड जिल्ह्यातल्या धारूरच्या बसस्टँडसमोर माझं मोबाईलचं दुकान आहे. दिवाळी सरली की आठ-दहा दिवस तिथं पाय ठेवायला जागा नसते. ऊसतोडीच्या टोळ्या निघतात तेव्हा माणूस पीठमिठाच्या आधी मोबाईलचं बघतो. कुणाला पॉवर बँक हवी, कुणाला पट्टीचा चार्जर, कुणाला पाच महिने टिकेल असा रिचार्ज. 2025 मध्ये कारखान्यांचा गाळप हंगाम 1 नोव्हेंबरला सुरू झाला. हे सांगतोय ते त्याच आठवड्यातलं.

दुपारी तीनच्या सुमारास एक बाई गर्दीतून पुढं आल्या. तिशी ओलांडलेली असेल. कडेवर नव्हे, पण पदराला धरून सहा-सात वर्षांचं पोरगं, मागं तेरा-चौदा वर्षांची मुलगी. त्यांनी काउंटरवर काच तडकलेला एक टचस्क्रीनचा मोबाईल ठेवला.

“भाऊ, याला रेंज येईना झालीय. सकाळपातूर चांगला होता. रातच्याला गाडी निघायचीय आमची.”

मी बघितलं. वर ‘नो सर्व्हिस’. रीस्टार्ट केला, नेटवर्क हातानं शोधून पाहिलं, सिम काढून सोनेरी पट्ट्या रबरानं पुसल्या. दुसऱ्याचं सिम घातलं तर चारही कांड्या उभ्या राहिल्या. म्हणजे मोबाईल ठणठणीत. दोष सिमचा. म्हटलं नंबर सांगा, लावून बघतो. बाईंनी तोंड उघडायच्या आत त्या लहान पोरानं दहाही आकडे एका दमात म्हणून दाखवले, पाढे म्हणतात तसे.

मी माझ्या फोनवरून लावला आणि बाईंच्या पिशवीतून बटणाचा मोबाईल वाजायला लागला.

दुकानातली चार माणसं वळून बघायला लागली. बाईंच्या चेहऱ्यावर मात्र आनंद. “बगा, ह्यात लागतोय! ह्यात लागतोय मंग त्यात काहून लागत नाही? एकच तर नंबर हाय.”

तेव्हा सगळा प्रकार उलगडला. सकाळी स्टँडच्या कडेला एक पोरगा छत्री लावून सिम विकत बसला होता. बाईंनी त्याला विचारलं होतं, माझा हाच नंबर दोन मोबाईलमध्ये चालेल का. तो म्हणाला, चालतो की, दोनशे रुपये पडतील. आधार घेतलं, अंगठा घेतला, पहिला नीट उमटला नाही म्हणून पुन्हा घेतला, आणि त्याच नंबरचं नवं सिम हातात दिलं. नवं सिम बाईंनी बटणाच्या मोबाईलमध्ये घातलं, जुनं टचस्क्रीनमध्ये तसंच राहू दिलं. तासा-दीड तासात नवं चालू झालं आणि जुनं मेलं.

त्यानं केलं होतं एवढंच: सिम हरवलं की आपण बदलून घेतो तसं बदलून दिलं होतं. नव्यात जीव आला की जुनं बंद पडणारच. हे त्याला पक्कं माहीत होतं.

मी दोन्ही सिम तळहातावर घेऊन त्यांना दाखवली. दोन्हींच्या पाठीवर बारीक आकड्यांची लांबलचक ओळ असते, 8991 नं सुरू होणारी. त्या दोन ओळी वेगळ्या होत्या. म्हटलं, “ताई, तुमचा नंबर या प्लॅस्टिकमध्ये नसतो. तो कंपनीच्या वहीत असतो. त्या वहीत नंबरापुढं एकाच सिमचं नाव लिहिलेलं असतं. फोन आला की कंपनी वही बघते, ते सिम कोणत्या टॉवरखाली आहे ते शोधते आणि तिथंच घंटी वाजवते. सकाळी वहीत तुमच्या जुन्या सिमचं नाव खोडून नव्याचं लिहिलं.”

“मंग त्यानं दोनशे रुपये कशाचे घेतले?”

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. मी बाहेर जाऊन बघून आलो. छत्री उठली होती.

मी या धंद्यात उमेदवारी केली तेव्हा बाजारात ‘सोळा इन वन’ नावाची कोरी सिमं यायची. जुन्या सिमच्या आतली गुप्त किल्ली काढून त्यात उतरवायची, म्हणजे त्याची नक्कल तयार. 1998 मध्येच त्या जुन्या कार्डांचं कुलूप कच्चं असल्याचं अमेरिकेत उघड झालं होतं. पण नक्कल केली तरी दोन्हीकडं घंटी कधी वाजत नव्हती. जे सिम शेवटी टॉवरला हजेरी लावेल त्याच्याकडं फोन जायचा. पुढं कुलपं पक्की झाली आणि तो उद्योग संपला. म्हणून कुणी आजही ‘डुप्लिकेट सिम बनवून देतो’ म्हणाला, की माझ्या कपाळावर आठी पडते.

पण त्या बाईंना एकच नंबर दोन ठिकाणी का हवा होता, हे ऐकल्यावर मी स्टुलावर बसलो आणि बाकीच्या गिऱ्हाइकांना भाच्याकडं लावून दिलं.

नवरा-बायकोची ऊसतोडीची जोडी, म्हणजे एक कोयता. टोळी नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन झालेली, कोल्हापूरकडचा कारखाना. पोरं आज्जीजवळ गावातच राहणार, शाळा बुडू नये म्हणून. गावात हंगामी वसतिगृह सुरू झालं की दोन वेळचं जेवण तिथं. घरात नंबर एकच, बाईंच्या नावावरचा. बँक खात्याला तोच, दोघांच्या आधारला तोच, रेशनला तोच. शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात तोच, मुकादम फडाचं, म्हणजे तोडीच्या उसाच्या शेताचं, ठिकाण पाठवतो तोही त्यावरच. आणि धाकट्याला पाठ होता तोही तोच. गेल्या हंगामात आज्जी आजारी पडली, तेव्हा या पोरानं शेजारणीच्या मोबाईलवरून आईला फोन लावला होता. त्याला दुसरा नंबर येतच नव्हता.

“सिम घरी ठेवलं तर ह्यानं मला कुठं हुडकावं? संगं नेलं तर बँकेचा मेसेज, साळेचा मेसेज फडात येणार, अन् फडात रेंज कुठं असतीय? म्हणून म्हणलं ह्योच नंबर दोन्हीत टाका. रिचार्ज बी एकच लागंल.”

याला मी काय चूक म्हणू? जर्मनीत एकाच नंबरावर दोन-तीन सिम रीतसर मिळतात. फोन आला की सगळीकडं वाजतो, मेसेज कुठल्या सिमवर यावा ते गिऱ्हाईक ठरवतं. म्हणजे वहीत एका नंबरापुढं दोन नावं लिहिता येतात, लिहायची ठरवली तर. आपल्याकडंही 2018 पासून अ‍ॅपलच्या घड्याळाला फोनचाच नंबर मिळतो, आतच बसवलेलं ईसिम वापरून. मनगटावरच्या घड्याळाला जे मिळतं ते फडातल्या आणि घरातल्या दोन मोबाईलला मिळत नाही, याचा मला मनापासून राग आहे. हजारो घरं दर वर्षी पाच महिने दोन जागी राहतात. ही सोय त्यांच्यासाठी आधी यायला हवी होती.

त्या दिवशी दुसरी अडचण त्याहून मोठी निघाली. निघायच्या आत लाडकी बहीण योजनेची केवायसी, म्हणजे ओळखपडताळणी, करून टाकायची म्हणून बाई आधारकार्डं घेऊनच आल्या होत्या. त्या केवायसीला बाईंच्या आधारचा ओटीपी लागत होता आणि नवऱ्याच्या आधारचाही. दोन्ही याच नंबरवर येणार. मुदत 18 नोव्हेंबर सांगितलेली होती. पण सिम बदललं की पुढचे 24 तास त्या नंबरचे मेसेज बंद असतात, येणारेही आणि जाणारेही. नियम चांगला आहे. कुणी परस्पर तुमचं सिम काढून बँक खाली करू नये म्हणून केलेला. त्या दुपारी मात्र त्याचा फटका त्याच बाईंना बसला. गाडी रात्री नऊला, मेसेज उद्या दुपारनंतर.

तेवढ्यात नवरा आला. गाडीत सामान चढवून घामाघूम. त्याचं म्हणणं, मोठा मोबाईल आपल्यासंगं पाहिजे, मुकादम सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो. बाईंचं म्हणणं, पोरीच्या अभ्यासाला घरी राहू द्या. मुलगी आठवीत. ती एक शब्द बोलली नाही, फक्त मोबाईलच्या तडकलेल्या काचेवर बोट फिरवत उभी राहिली. शेवटी तीच म्हणाली, “न्या तुमी. मला साळेतल्या बाईंनी पुस्तकं दिल्यात.”

मग मी जुळणी केली. नंबरचं नवं सिम बटणाच्या मोबाईलमध्येच ठेवायचं आणि तो घरी राहील. त्याला नेट नको, म्हणून नुसत्या बोलण्याचं आणि मेसेजचं 84 दिवसांचं रिचार्ज घातलं. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, कंपन्यांना असे बिननेटचे रिचार्ज ठेवायला लावले, ते अशा घरांच्या फार उपयोगी पडतात. साडेचारशेच्या आसपास पडलं. नवऱ्याच्या नावानं एक नवीन सिम काढलं, नवा नंबर, नेटसहित, ते मोठ्या मोबाईलमध्ये घातलं. पण व्हॉट्सअ‍ॅप काढलं नाही. ते जुन्याच नंबरचं चालू होतं. सिम त्या मोबाईलमध्ये नसलं तरी नेट मिळालं की मेसेज येत होते. समोर उघडून दाखवलं, शाळेच्या ग्रुपवर नुकताच एक फोटो पडला होता.

म्हणजे फोन आणि ओटीपी घरी वाजणार, व्हॉट्सअ‍ॅप फडात उघडणार. एका नंबरचे असे दोन वाटे झाले. रिचार्ज मात्र दोन लागले, ते काही मला टाळता आले नाहीत. सिमचे पैसे मी घेतले नाहीत. (पुढं नोव्हेंबरअखेर दूरसंचार विभागानं आदेश काढला, की ज्या नंबरचं व्हॉट्सअ‍ॅप त्याचं सिम त्याच मोबाईलमध्ये असायला हवं. ऑनलाइन फसवणूक रोखायला तो काढला हे कळतं. पण वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा हे घर आठवलं.)

कॉल फॉरवर्ड करावा का, असंही मनात आलं होतं. घरचा मोबाईल बंद पडला तर फोन फडातल्या नंबरवर वळवायचा. पण फॉरवर्ड केल्यानं मेसेज वळत नाहीत, फक्त फोन वळतो. शिवाय आज्जीला ‘फोन लागतोय पण बोलणारा दुसराच’ हे समजावणं अवघड. ते सोडून दिलं.

बटणाच्या मोबाईलमध्ये 2 चं बटण दाबून धरलं की आईला फोन, एवढं बसवून दिलं. पोराकडून तीनदा करून घेतलं. तिन्ही वेळा आईच्या हातातला मोबाईल वाजला, आणि तिन्ही वेळा तिनं तो कानाला लावला, समोर उभं राहून. मुलीला सांगितलं, ओटीपी आईशिवाय कुणाला सांगायचा नाही. बँकेचा माणूस म्हणाला तरी नाही, मी विचारला तरी आईला आधी विचारायचं.

नऊची गाडी साडेदहाला हलली. मी शटर ओढत होतो. ट्रकमध्ये सामानावर सामान, त्यावर माणसं, एका कडेला शेळी. अंधारात मला त्या बाई दिसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगी चुलत्यासोबत आली. मेसेज सुरू झाले होते. आईला फोन लावून तिच्या परवानगीनं केवायसी करायला बसलो. साइट फार जड चालत होती, पहिला ओटीपी आला तोवर पानच उडालं. आठच्या पुढं गर्दी कमी झाली तेव्हा दोन्ही आधारांचं एकदाचं झालं. मुलगी ओटीपी वाचायची, आधी आईला फोनवर सांगायची, मग मला.

तिथंच मी आणखी एक काम उरकलं. आदल्या सकाळचा तो दुसऱ्यांदा घेतलेला अंगठा माझ्या डोक्यातून जात नव्हता. सरकारच्या संचार साथी या साइटवर नंबर टाकून आपल्या नावावर किती सिमं आहेत ते बघता येतं. बघितलं. बाईंच्या नावावर दोन नंबर. एक हा. दुसऱ्याचे शेवटचे आकडे आईला वाचून दाखवले. “नाही बा, असला नंबर माझा नाही.”

म्हणजे त्या पोरानं एका अंगठ्यावर सिम बदललं आणि दुसऱ्या अंगठ्यावर नवीन सिम काढून स्वतःकडं ठेवलं. असली सिमं कुणाच्या हातात जातात आणि त्यावरून काय उद्योग होतात, ते रोज पेपरात येतं. उद्या पोलीस आले तर ते या बाईंच्या दारात येणार. मी ‘हा माझा नंबर नाही’ ची तक्रार नोंदवली, तिचा क्रमांक मुलीच्या वहीत लिहून दिला. त्या भागातल्या सिमच्या डिस्ट्रिब्युटरलाही फोन केला, चांगलाच ताडकन बोललो. नऊ दिवसांनी तो नंबर यादीतून गेला. पोराचं काय झालं कळलं नाही. तेव्हापासून दुकानात कुणाचाही अंगठा घेताना मी स्क्रीन त्यांच्याकडं वळवतो आणि हा कशासाठी घेतोय ते मोठ्यानं सांगतो. दुसऱ्यांदा घ्यावा लागला तर पहिला फसलेला दाखवून मगच.

डिसेंबरात आज्जी धाकट्याला घेऊन बाजाराला आली, तेव्हा दुकानात डोकावली. मोबाईलच्या पाठीवर कागदाची पट्टी चिकटवलेली, तिच्यावर आईचा नवा नंबर स्केचपेननं. घामानं दोन आकडे पुसट झालेले. “बटण दाबून लागतोय तरी ह्याला नंबरच पायजे,” आज्जी म्हणाली. “रोज वाचतंय.”

मी म्हटलं, लाव बरं, बटण न दाबता. त्यानं पट्टी तळव्याखाली झाकली आणि एकेक आकडा दाबला. आठव्याला थांबला, वर बघितलं, मग दाबला. घंटी गेली. पलीकडून वाऱ्याचा आवाज, ट्रॅक्टरचा आवाज, मग ती.

“हालो? काय रं सोन्या?”

तो काहीच बोलला नाही. मग पाढे म्हणतात तसे त्यानं तिला तिचाच नवा नंबर म्हणून दाखवला, दहाही आकडे.